दोन भावांमधलं जॅकेट

हे लिहायचा मला अधिकार आहे असं मला स्वतःलाच वाटत नाही, म्हणून आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मराठीचा पेपर सोडला तर सलग दोन पानं मी कधी लिहिलेली नाहीत. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते माझ्या नात्यातले नाहीत. मी त्यांचा भाडेकरू होतो, एवढंच. ही गोष्ट खरं तर त्यांच्या घरातल्या माणसांनी सांगायला हवी. पण ती माणसं बोलत नाहीत, आणि बोलली तरी मोजकंच बोलतात. म्हणून जमेल तसं मी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून आत, त्यांचं दुमजली घर होतं. वरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळल्यावर मी बघायला गेलो. तोवर पुण्यात बऱ्याच खोल्या बघून झाल्या होत्या आणि पहिल्या वाक्यात आडनाव विचारतात याची सवय झाली होती. काकांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"गाडी आहे का?"

"आहे. जुनी आहे, मामाची."

"आणि चालवताना पायात हेच?"

पायात रबरी स्लिपर होत्या. मी हो म्हणालो.

"अंगठ्यावर फारसं प्रेम दिसत नाही आपलं," असं म्हणून ते आत गेले आणि किल्ली घेऊन आले. अटी त्यांनी जिन्यातच सांगितल्या. "पाणी सकाळी येतं. गच्ची माझी. पाहुणे चहापुरते. आणि स्लिपर घालून गाडी काढायची असेल तर दुसरी खोली बघा. पुण्यात खोल्या पुष्कळ आहेत."

मला आधी हा खडूसपणा वाटला. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. काकू वारलेल्या, मूलबाळ नाही. एकटा माणूस असा होत असेल, असं मी धरून चाललो.

त्यांचं वेड कळायला दोन-तीन दिवसही लागले नाहीत. ते भाजी आणायला निघाले तरी अंगात जाड कातडी जॅकेट, हातात मोजे, पायात घोट्याच्या वर येणारे बूट. भर मे महिन्यातसुद्धा. एकदा मी त्यांच्या मागे बसलो होतो. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची दोन मुलं आमच्याकडे बघून हसत होती.

"काका, लेहला का?"

"नाही, मंडईत. भेंडी आणायला."

"मग एवढं कशाला?"

"डांबर लेहचं वेगळं आणि मंडईचं वेगळं असं नसतं, बाळ," काका म्हणाले. सिग्नल सुटला. त्यांच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता, पण त्यांनी चेनसुद्धा खाली केली नाही.

पार्किंगमध्ये ते अनोळखी माणसांना थांबवायचे. "हरकत नसेल तर बघू?" म्हणत बाहीची शिवण दोन बोटांत धरून ओढायचे, अंगठ्याचं नख शिवणीवरून फिरवायचे, वाकून वास घ्यायचे. लोक आधी दचकायचे, मग का कोण जाणे, हात पुढे करून उभे राहायचे. एका मुलानं महागाचं जॅकेट मोठ्या हौसेनं दाखवलं. काकांनी खांदा दाबून बघितला, आतलं अस्तर बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. लग्नाला घाला." कोणाचं खरोखर चांगलं निघालं की मात्र ते काही बोलायचे नाहीत. नुसती मान हलवायचे आणि ती वस्तू परत देताना दोन्ही हातांनी द्यायचे.

चांगलं म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून शिकलो. मला ते अजून येतं, म्हणून थोडं सांगतो. माणूस पडताना आधी हात पुढे करतो. त्यामुळे मोज्याला तळहाताच्या खालच्या, मनगटालगतच्या मांसल भागावर दुहेरी कातडं हवं, आणि शिवण नेमकी तिथून जाता कामा नये. रस्त्यावर शिवण घासली की दोरा जातो, दोरा गेला की मोजा उघडतो आणि मग तो असून नसल्यासारखाच. जॅकेटची बाही सरळ नको, कोपरात वाकलेली हवी. पाठ खाली लांब हवी. असं जॅकेट घालून आरशापुढे उभं राहिलं तर माणूस पोक आल्यासारखा दिसतो. दुकानात लोक तेवढ्यावरून ते बाजूला ठेवतात. काका म्हणायचे, "ते उभ्यानं बघायचंच नसतं. गाडीवर बसा, हँडल धरा, मग सांगा कुठं चुकलंय." खरंच, गाडीवर बसलं की तेच जॅकेट अंगाला असं बसायचं की अंगावर काही आहे याचा विसर पडावा.

त्यांच्याकडे एक सायकलही होती. तिचं सीट जाड कातड्याचं, वर्षानुवर्षं बसून त्यांच्या बैठकीचा आकार घेतलेलं. त्या सायकलला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. मी एकदा कोपऱ्यापर्यंत जाण्यासाठी मागितली तर म्हणाले, "चालत जा. मोठ्या मुश्किलीनं ते मला ओळखायला लागलंय, आता त्याला गोंधळात पाडू नका."

रविवारी गच्चीत सावलीला वर्तमानपत्र पसरून ते सगळं मांडायचे. जुन्या बनियनच्या फडक्यानं धूळ पुसायची, मेण आणि तेल बोटानं मुरवायचं, शिवणींवर जास्त. उन्हात काही ठेवायचं नाही. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून रोज वारा द्यायचा. मी वाटी धरून बसायचो. सगळं झालं की ते जॅकेट खाली नेऊन जिन्याखालच्या कपाटात टांगायचे. हॉलमध्ये चांगली लाकडी खुंटी रिकामी होती. एका रविवारी मी विचारलं, तिथं का नाही?

"तिथं बाबा आहेत," ते म्हणाले.

हॉलमध्ये बुद्धांच्या मूर्तीशेजारी त्यांच्या वडिलांचा फोटो होता. मला काही समजलं नाही. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. काका ते जॅकेट घेऊन पुन्हा गच्चीत आले, खाली बसले आणि बाहीवर तेल मुरवता मुरवता त्यांनी सांगितलं.

गावात मेलेली जनावरं ओढून नेण्याचं, सोलण्याचं काम त्यांच्या घराकडे होतं. पिढ्यान् पिढ्या. दीक्षा घेतल्यावर त्यांच्या वडिलांनी ते सोडलं. सोडलं म्हणजे गावापुढे उभं राहून सांगितलं, की उद्यापासून आमच्यातलं कोणी येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेला बैल त्यांच्या दारात आणून टाकलेला होता. तो कोणी उचलला नाही, कारण उचलायचं त्यांनीच होतं. दिवसामागून दिवस तो तिथंच राहिला. दुकानदार मीठ देईना. वडिलांना नदीवर गाठून मारहाण केली. त्या घरानं तेव्हा ठरवलं की कातडं या उंबऱ्याच्या आत येणार नाही. पट्टा नाही, चप्पल नाही, पाकीट नाही. पोरं कॅनव्हासचे बूट घालून शाळेत गेली आणि शिकली.

"दादा तेव्हा शाळेत जायला लागला होता. त्यानं सगळं बघितलं," काका म्हणाले. "मी पाळण्यात होतो. मी ऐकलं. एवढाच आमच्यात फरक."

"आणि मग तुम्ही हे...?"

"नोकरीत नवा होतो. घाटातून गाडी घेऊन येताना घसरलो. थंडी होती म्हणून साहेबांचं कातडी जॅकेट अंगात होतं, मागून घेतलेलं. बराच लांब घासत गेलो. उठून बसलो आणि हात बघितला. जॅकेटचं कोपर कागदासारखं पातळ झालं होतं. आत माझं कोपर होतं, जसंच्या तसं." त्यांनी फडक्याची घडी केली. "तेव्हा वाटलं, बाबांनी कातडं सोडलं नव्हतं, सक्ती सोडली होती. मला कोणी ओढायला लावलेलं नाही. मी माझ्या मर्जीनं घालतो. दादाला ते पटत नाही. आणि त्याचंही चुकत नाही. दारातला बैल त्यानं बघितलाय."

मी दौंडकडच्या एका शेतकरी घरातला. आमची आजी सांगायची, "बैल मेला की निरोप धाडायचा, मान्सं येऊन न्यायची. रीतच हाय ती." ही गोष्ट आमच्या अंगणातून कशी दिसते ते मला ठाऊक होतं. पलीकडून कशी दिसते ते मी त्या रविवारी पहिल्यांदा ऐकलं. मी वाटी धरून तसाच बसलो.

थोरले भाऊ बिबवेवाडीत राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले. वडील गेल्यानंतर काकांनी स्वतःसाठी पहिलं जॅकेट घेतलं. पुण्यतिथीला दादा आले, ते त्यांना खुंटीवर दिसलं आणि ते उंबऱ्यातूनच परत फिरले. त्यानंतर त्यांनी त्या घरात पाऊल टाकलं नाही. भांडण नाही, आवाज नाही. विहारात दोघं भेटायचे, जय भीम करायचे, तब्येत विचारायचे. काकांना भावानं घरी यावं यापलीकडे आयुष्यात काही नको होतं, हे मला हळूहळू कळलं. दर पुण्यतिथीला ते दोन ताटं वाढून ठेवायचे आणि मग दुसरं मला वर आणून द्यायचे. "शिळं नाही, आत्ताचंच आहे," असं म्हणायचे.

दादांचा एकुलता एक मुलगा सुमेध मात्र यायचा. लॅबचे रक्ताचे नमुने मोटरसायकलवरून गोळा करायची नोकरी होती त्याची. हसरा होता. काकांना तो एकटाच चिडवू शकायचा. त्याचं दिवसभर रस्त्यावर असणं काकांना झोपू देत नव्हतं. शेवटी त्यांनी कॅम्पातल्या एका कारागिराकडून त्याच्यासाठी जॅकेट शिवून घ्यायचं ठरवलं. माप घ्यायला सुमेधला अंगणात स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसवलं.

"ब्रेक धर," काका म्हणाले. "आता डावीकडे वळ."

"काका, गाडी बंद आहे."

"हात तर चालू आहे ना? वळ."

"शेजारचे बघतायत."

"बघू दे. पडशील तेव्हाही बघतीलच."

जॅकेट झालं तेव्हा काकांनी ते मलाच आधी हातात दिलं. दोष काढावा असं त्यात काही नव्हतं, इतकं ते नीट होतं. खांद्यावर आणि कोपरावर दुहेरी कातडं, प्रत्येक शिवण दुहेरी, मनगटाशी आत वळवलेली कड. गडद तपकिरी. काकांनी ते कापडी पिशवीत घातलं आणि मला बिबवेवाडीला पाठवलं. "तुम्ही परके आहात. परक्याला दादा चहा तरी देईल."

दादांनी दार उघडलं. काकांसारखाच चेहरा, फक्त जास्त कोरडा. पिशवीकडे बघून म्हणाले, "काय आहे ते वासानं कळलं. ती बाहेर कठड्यावर राहू द्या. तुम्ही आत या."

चहा आला. त्यांनी मी काय शिकतो ते विचारलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं. मग विचारलं, "त्याचा गुडघा कसा आहे? दुखत होता मागे."

"बरा आहे आता."

"जिना चढू देऊ नका त्याला सारखा." कप खाली ठेवून ते म्हणाले, "पोराची काळजी मलाही आहे, सांगा त्याला. पण आमच्या बाबांनी या घराला एक शब्द दिलाय. माझ्या डोळ्यांदेखत तो मोडायचा नाही."

स्वयंपाकघराच्या दारात सुमेध उभा होता. म्हणाला, "बाबा, आत नाही आणत. जिन्यात ठेवीन."

"जिना शेजाऱ्यांचा आहे का?" दादा म्हणाले. विषय संपला. जाताना त्यांनी मला गेटपर्यंत सोडलं, पण पिशवीच्या बाजूनं चालले नाहीत.

मी पिशवी परत आणली. तोड सुमेधनंच काढली. त्यानं दादांना न सांगता कंपनीकडून आपला भाग बदलून विश्रांतवाडीकडचा मागून घेतला. जॅकेट काकांच्या जिन्याखालच्या कपाटात राहील. सकाळी तो बिबवेवाडीहून शर्टात येईल, इथं जॅकेट चढवेल, दिवसभर काम करेल आणि संध्याकाळी काढून ठेवून घरी जाईल. म्हणजे वडिलांचा शब्दही राहील आणि काकांचं मनही.

ते महिने काकांचे चांगले गेले. सकाळी पोहे करून ते फाटकाशी उभे असायचे. सुमेधला उलटसुलट फिरवून चेन, बक्कल, मनगटं तपासायचे, पाठीवर थाप द्यायचे आणि तो वळणाआड जाईपर्यंत तिथंच थांबायचे. बिबवेवाडीपासून इथपर्यंतचा रस्ता तो नुसत्या शर्टात येतो, हे त्यांना टोचत नव्हतं असं नाही. "इथंच राहा," असं ते त्याला म्हणालेही. तो म्हणाला, "बाबा एकटे पडतील." काका "मग सावकाश ये," एवढंच म्हणायचे. शहाण्या माणसांनी मिळून केलेली ती व्यवस्था होती. त्यात सगळ्यांचा मान राखला गेला होता.

एका सकाळी पोहे गार झाले. मग काकांच्या फोनवर कोणा अनोळखी माणसाचा फोन आला. रस्त्याच्या कामाची खडी वळणावर पसरली होती, सुमेधची गाडी तिथं घसरली. आम्ही माझ्या गाडीवरून हॉस्पिटलला गेलो. काका मागे बसले होते, नुसत्या शर्टात. मला ते बोलून दाखवायचं धैर्य झालं नाही.

हेल्मेटमुळे डोकं वाचलं होतं. हाडं शाबूत होती. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत आणि अर्धी पाठ सोलून निघाली होती. मांडीची त्वचा काढून तिथं लावावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. काका भिंतीला टेकून ऐकत होते. जॅकेट जिथं जिथं दुहेरी होतं, नेमक्या त्या जागा डॉक्टर सांगत होते.

दादा आले. त्यांनी आधी मुलाला बघितलं, मग बाहेर येऊन भावासमोर उभे राहिले. कपाटाबद्दल, भाग बदलून घेण्याबद्दल सुमेधनं त्यांना आत सांगितलं असावं.

काका म्हणाले, "दादा, अंगावर असतं तर खरचटलंही नसतं रे."

दादा म्हणाले, "तुझ्याकडे येत नसता तर तो त्या रस्त्यावरच नसता."

दोघांचं खरं होतं. तेव्हापासून मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि दोघांचंही खरंच होतं यापुढे मला जाता आलेलं नाही. दादांनी काकांच्या शर्टाची कॉलर नीट केली, लहान मुलाची करावी तशी, आणि हळू आवाजात म्हणाले, "आता येऊ नकोस."

काका पुन्हा गेले नाहीत. मी त्यांच्याशी वादही घातला. म्हणालो, मी जाऊन बघून येतो. "तुम्ही गेलात म्हणजे मीच गेलो," ते म्हणाले. "दादानं सांगितलंय." वडिलांचा शब्द ज्यांनी मोडला त्यांना भावाचा मोडता येत नव्हता.

सुमेधचा फोन मात्र यायचा. "काका, मांडीचं कातडं हाताला लावलंय. शिवण बघायला या एकदा." काका म्हणायचे, "दुहेरी आहे का विचार डॉक्टरांना." तो हसायचा. फोन ठेवल्यावर काका बराच वेळ हॉलमध्ये बसून राहायचे. मग तो घरी गेल्याचं कळलं. मग ताप येतोय असं म्हणाला. मग त्याचा फोन बंद यायला लागला. काका रोज सकाळी एकदाच लावायचे, बंद आहे ऐकायचे आणि म्हणायचे, "झोपला असेल. झोप हवीच."

रविवारची गच्चीतली बैठक थांबली होती. काका कुठं जात नव्हते.

त्या संध्याकाळी मी पाण्याची बाटली भरायला खाली गेलो होतो. काकांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. बिबवेवाडीच्या विहारातले एक ओळखीचे गृहस्थ बोलत होते. आधी जय भीम झाला, तब्येत झाली, त्यांच्या मुलीच्या परीक्षेचं झालं.

मग ते म्हणाले, "काल विहारात दिसला नाहीत तुम्ही."

"काल काय होतं?"

"सुमेधचं पुण्यानुमोदन," ते म्हणाले. "जखमेचं विष रक्तात भिनलं आणि पोर गेलं म्हणे. तुम्हाला... म्हणजे मला वाटलं, तुम्ही तिथंच कुठं मागे बसला असाल."

काकांनी फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मी बाटली धरून उभा होतो, नळ वाहत होता, तो बंद करायला मला सुचलं नाही.

"नाही, मला जरा बरं नव्हतं," काका म्हणाले. "दादाला कळवलं होतं मी तसं."

"तरीच. थोरले एकटेच बसले होते शेवटपर्यंत. कोणाशी बोलले नाहीत."

"हं," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दादा जेवला का?"